दोनच हात

१

ड्रम वाजवता येत नसताना ड्रम वाजवणं हा धाकट्याचा धंदा होता, आणि त्यात तो चांगलाच पटाईत होता. घराच्या मागच्या बाजूला पूर्वी अडगळीची खोली होती. तिच्या भिंतींना त्याने जुन्या गाद्या टांगल्या होत्या, खिडकीवर दुहेरी ब्लँकेट ठोकलं होतं, आणि मधोमध टेबल, कॉम्प्युटर, दोन स्पीकर. कोपऱ्यात चादरीखाली झाकलेला एक खराखुरा ड्रमसेट होता. तो दादाचा. त्याला आता कोणी हात लावत नसे.

काम सांगायला सोपं होतं. पडद्यावर आडव्या ओळी असत, एकेका ड्रमची एकेक. जिथे ठोका हवा तिथे माऊसने एक बारका चौकोन ठेवायचा. असे चौकोन मांडत गेलं की सॉफ्टवेअर ते वाजवून दाखवतं. चौकोन काय, शेंबडं पोरही मांडेल. पण ऐकणाऱ्याला माणूस वाजवतोय असं वाटायला हवं, तिथे खरी मेख होती. माणूस कधी घड्याळासारखा बरोबर ठोक्यावर येत नाही. त्याचे दोन ठोके सारख्या जोराचे नसतात. तो दमतो. म्हणून धाकटा दुपारभर बसून एकेक चौकोन केसभर मागे, केसभर पुढे सरकवत बसायचा. दादाचा डावा हात आयुष्यभर केसभर उशिरा पडत आला होता. घरात त्याला सगळे आळशी हात म्हणत, पण त्या आळसानेच गाणं डुलायचं. धाकट्याने तो आळस जसाच्या तसा उचलला होता.

या धंद्यातला पहिला धडाही दादानेच शिकवलेला. नवशिका मांडणारा भरात येतो आणि स्नेअर ड्रम, हाय-हॅटची जोडझांज आणि मोठी झांज असे तिन्ही चौकोन एकाच क्षणाला, एकाखाली एक ठेवून मोकळा होतो. पडद्यावर ते छान दिसतं. पण वाजवणार कोण? "माणसाला दोनच हात असतात रे," दादा म्हणायचा, "तिसरा ठोका काय डोक्याने मारायचा?"

आवाजही दादाचेच होते. दादाचे हात धड होते तेव्हा तो याच खोलीत बसून प्रत्येक ड्रम एकेकदा वाजवून गेला होता, अगदी हळू ते अगदी जोरात, आणि धाकट्याने माईक लावून ते सगळे ठोके सुटे सुटे भरून ठेवले होते. "एकेक करून सगळे काढून घेतोयस," दादा तेव्हा हसत म्हणाला होता, "माझ्याकडे काही ठेव." पुढे त्याची पकड गेली. आधी स्टिका हातून निसटायला लागल्या, मग चमचा, मग शर्टाची बटणं. डॉक्टर म्हणाले नसांचं आहे, वेळ लागेल. वहिनी रोज सकाळी त्याच्या बोटांना व्यायाम देई आणि तो एकट्याने चहाचा कप उचलील त्या दिवसाची वाट बघे. घरात दुसरी कुठलीच आस नव्हती.

आता लाजेची गोष्ट. लोकांना यंत्राचे ड्रम नको होते, माणूस हवा होता. आणि धाकटा त्यांना सांगायचा की दादा वाजवतो.

२

त्या वेळी हातात एका गायिकेचं गाणं होतं. हळू सुरू होऊन शेवटी तुफान व्हायचं. तुफान धाकट्याने मन लावून मांडलं आणि मागे रेलून ऐकलं. सगळं झकास होतं, फक्त शेवटाकडे एका जागी मोठी झांज वाजली नाही.

त्याने पडद्याकडे पाहिलं. झांजेचा चौकोन जागच्या जागी होता. पुन्हा वाजवलं. स्नेअर वाजला, हाय-हॅट वाजलं, झांज नाही. त्याने चौकोनाचा जोर वाढवत पार टोकाला नेला. तरी नाही. चौकोन उचलून थोडा पुढे ठेवला तर झांज खणखणीत वाजली, परत मागे आणला की गप्प.

मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. भरात येऊन त्याने तीन हातांचं काम लिहिलं होतं. इतकी वर्षं मांडतोय आणि चूक नवशिक्याची. त्याला हसू आलं, आणि मग येता येता ते थांबलं. चूक त्याची होती हे ठीक. पण सॉफ्टवेअरला हातांचं काय? त्याला चार चौकोन द्या, चाळीस द्या, ते सगळे वाजवतं. त्याला कुठे ठाऊक की ड्रमरला हात किती असतात.

काहीतरी सेटिंग असेल, त्याने ठरवलं. कॉम्प्युटरही जुनाच होता, दमला असेल. ठोका वाजतच नाही तर खोडायचा तरी कशाला, म्हणून त्याने तो चौकोन तसाच ठेवला आणि जेवायला गेला. जेवताना दादा समोरच होता, वहिनी त्याला भरवत होती. आज हात जड झालेत, असं दादा म्हणाला. उजवा जास्त.

३

एकदा कान टवकारले की नको ते ऐकू येतं. तुफानाचा तुकडा धाकट्याने सुधारत सुधारत पुन्हा पुन्हा वाजवला, आणि दुपार कलायला लागली तसे ठोके ढिले पडायला लागले. चौकोन तेच, जोराचे आकडे तेच, पण सकाळी टणक वाजणारा स्नेअर आता ओल्या लाकडासारखा वाजत होता. कान थकले असतील म्हणून तो बाहेर जाऊन पाणी पिऊन आला. परत येऊन वाजवलं तर ठोके पुन्हा ताजे. कान ताजे झाले म्हणून तसं, हे उघड होतं. फक्त दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत त्याला एक बारीक आवाज आला. धावून आलेला माणूस नाकाने श्वास घेतो तसा. भरलेल्या ठोक्यांमध्ये दादाचा श्वास कुठेतरी आला असणार, माईक सगळंच टिपतात. धाकट्याने समाधान करून घेतलं आणि ड्रमचा आवाज थोडा वाढवला.

दुसऱ्या दिवशी वहिनीने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. ती हळू आवाजात बोलत होती.

"भावोजी, ह्यांच्या तळहाताला फोड आलेत. दोन्ही हातांना, इथे, अंगठ्याच्या बेचक्यात. चमचा धरवत नाही त्या माणसाला, मग फोड कशाचे?"

धाकट्याला ते फोड कुठले असतात हे चांगलं माहीत होतं. लहानपणी दादा मोठ्या कार्यक्रमाची तालीम करायचा तेव्हा नेमके तिथेच यायचे, आणि आई त्यावर हळद लावायची. पण तो म्हणाला की गादीच्या कडेला घासत असेल, उष्णतेनेही येतात. वहिनीने मान हलवली. तिने विश्वास ठेवला आणि त्याला खाली बघावं लागलं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, असं त्याने मनाला दिवसभर बजावलं. पण खाई त्याला खवखवे. त्या दिवशी त्याने कॉम्प्युटर लावला नाही.

४

गायिका न कळवता घरी आली. अर्धवट गाणं तिला धाकट्याने पाठवलं होतं, आणि तिला दादांच्या पाया पडायचं होतं. तसं तिने दारातच सांगितलं. धाकटा काही बोलायच्या आत ती पुढच्या खोलीत जाऊन दादासमोर बसलीसुद्धा.

दादा खुर्चीत होता. हात मांडीवर, पंच्याखाली झाकलेले. गायिका भरभरून बोलत होती. आजकाल सगळीकडे यंत्रं, कोण मेहनत करतं, पण तुमचा तो डावा हात, दादा, तो कसा अलगद मागे राहतो, आणि शेवटचं तुफान तर काय सांगू. धाकटा दारात उभा होता. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते त्याला त्या उंबऱ्यावर कळलं. आता दादा विचारणार, कुठलं तुफान? मग एवढी वर्षं जपलेलं सगळं एका वाक्यात उघडं पडणार. वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन तशीच थबकली होती.

दादाने आधी गायिकेकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. त्या बघण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला आवडलं ना, झालं तर," दादा म्हणाला. "शेवटी जरा हात भरून येतात. वय झालं."

गायिका समाधानाने हसली. दादाने धाकट्याची लाज राखली होती, दुसरं काय असणार. भावासाठी खोटं बोलला बिचारा. धाकट्याने हेच धरून ठेवलं, कारण दुसरा अर्थ धरायला त्याची छाती नव्हती. गायिका गेल्यावर दादाला दोन शब्द बोलायला हवे होते, माफी मागायला हवी होती. तो बोळातून मागच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मागे वहिनी दादाला विचारत होती, कसले हो ड्रम? दादाचं उत्तर गाद्यांमुळे ऐकू आलं नाही.

५

तरी त्याने एकदा पाहून घ्यायचं ठरवलं. दुपारी दादा झोपला होता, वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. धाकट्याने तुफानातला लहानसा तुकडा निवडला, त्यानंतर तेवढीच शांतता, मग पुन्हा तुकडा, असं फिरतं लावलं. स्पीकर पूर्ण बंद केले. पडद्यावरची रेघ चौकोनांवरून सरकायला लागली, निमूटपणे. त्या रेघेची लय डोक्यात ठेवून तो बोळात आला.

बोळ लांबीला जेमतेम. एका टोकाला त्याची खोली, दुसऱ्या टोकाला दादाची, आणि दादाचं दार नुसतं लोटलेलं. धाकटा बोळाच्या मध्यावर उभा राहिला. वर पाण्याची टाकी भरत होती. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायची खटपट करत होतं.

दाराआडून टिकटिक आली. लाकडावर धातू. दादाच्या डाव्या हातात लग्नाची अंगठी होती आणि पलंगाला लाकडी कड होती, उशाशी पितळी दांडा. टिकटिक काही वेळ चालली, मग थांबली. शांतता. मग पुन्हा सुरू झाली. धाकटा मनात मोजत होता, आणि अंगठी प्रत्येक वेळी त्याच्या मोजण्याच्या केसभर मागून पडत होती.

दार ढकलून आत बघायला हवं होतं. हात लांब केला असता की झालं असतं. पण आत जे असेल ते बघितल्यावर काम थांबवावं लागलं असतं, आणि काम का थांबलं ते गायिकेला सांगावं लागलं असतं. तो मागे फिरला. खोलीत येऊन, दार उघडंच ठेवून, त्याने रेघ थांबवली आणि बोळातली टिकटिकही थांबली. आजारी माणसाचे हात झोपेत उडतात, डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

मात्र त्या दिवसापासून तो वेगळं मांडायला लागला. ठोके विरळ केले. जोर उतरवला. कडव्यांच्या मध्ये विसावा ठेवला. कारण त्याने कोणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. हमालाच्या डोक्यावरचं ओझं आपणच लादलंय हे कबूल न करता हळूच एक पोतं उतरवून घ्यावं, तसं. आठवड्याभरात दादाचे फोड सुकले. एका सकाळी वहिनीने त्याला हाक मारून नेलं. दादा दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होता. कप थरथरत होता, थोडा चहा शर्टावर सांडला, पण धरला त्याने स्वतः. वहिनी पदराने डोळे पुसत हसत होती, आणि धाकटाही मनापासून हसला.

६

विरळ गाणं गायिकेला पाठवलं तसा तिचा फोन आला. ते मेलंय, असं तिने स्पष्ट सांगितलं. आधीचं कुठे आणि हे कुठे. दादांचा मूड नव्हता का? त्यांना म्हणावं परत एकदा बसा. आज संध्याकाळपर्यंत तुफान हवं, नाहीतर तिला दुसरा ड्रमर बघावा लागेल.

दादा वाजवत नाही. एवढे तीनच शब्द बोलायचे होते. धाकट्याने तोंड उघडलं, आणि बघतो, असं म्हणून फोन ठेवला.

जुनं, भरगच्च तुफान कॉम्प्युटरमध्ये तसंच होतं. ते उघडलं की फक्त फाईल काढायची. फाईल काढायच्या दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू द्यायचं, कॉम्प्युटर ते वाजता वाजता लिहून घेतो. दुसरी झटपट. आवाज अजिबात होत नाही, पडद्यावर एक निळी पट्टी भरत जाते आणि अख्खं गाणं चहात साखर विरघळेपर्यंत तयार. धाकटा नेहमी पहिलीच तऱ्हा वापरायचा. गाणं जेवढं लांब तेवढा वेळ त्याच्यासोबत बसावं, ही दादाची शिकवण. पण आज त्याला ते वाजवायचंच नव्हतं. वाजलं की टिकटिक. झटपट काढलं तर वाजायचा प्रश्नच नाही, आवाजच नाही. आपण दादाला वाचवतोय असं त्याला खरोखर वाटलं, आणि त्याने बटण दाबलं.

पट्टी सरकायला लागल्यावर त्याला कळलं. झटपट म्हणजे न वाजवता नव्हे. झटपट म्हणजे सगळं तेच, प्रत्येक ठोका, फक्त श्वास घ्यायला वेळ न देता.

बोळाच्या टोकाकडून आवाज आला. त्याला टिकटिक म्हणता आलं नसतं. शिवणयंत्र भरधाव सोडल्यावर होते तशी एकसलग घरघर होती, लाकडाची, पितळेची, आणि भिंतीतून ती धाकट्याच्या टेबलात उतरली. टेबलावरचा पेन गडगडत खाली पडला. पट्टी अर्ध्यावर होती. तिच्या शेजारी छोटंसं बटण होतं, "रद्द करा" लिहिलेलं. धाकट्याचा हात माऊसवरच होता. वहिनीने काहीतरी ओरडून भांडं टाकल्याचं ऐकू आलं. पट्टी पाऊणवर आली. एवढं झालंच आहे, त्याच्या मनात आलं, आता थोडंच राहिलंय. त्याने वाट पाहिली.

पट्टी भरली. घर गप्प झालं.

"भावोजी," वहिनीची हाक आली. "जरा इकडे या. लवकर या."

आलो, असं तो म्हणाला, पण उठला नाही. फाईल नीट आली का एवढं बघायचं होतं. त्याने हेडफोन लावून शेवटचा भाग ऐकला. तुफान होतं, जिवंत, इतकं जिवंत त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. आणि शेवटाकडच्या त्या जागी, जिथे चौकोन असूनही कधी काही वाजलं नव्हतं, तिथे मोठी झांज वाजली. स्नेअर, हाय-हॅट आणि झांज, तिन्ही एकदम.

गाणं संपल्यावर थोडी शांतता उरली होती. तिच्यात एक स्टिक जमिनीवर पडून घरंगळली. मग, केसभर उशिरा, दुसरी. हे त्याने मांडलं नव्हतं. त्याने तेवढा तुकडा निवडला, कापला, कडेला आवाज हळूच विरेल असं केलं आणि फाईल पाठवून दिली. मग तो बोळात आला.

दादाच्या खोलीतला पलंग भिंतीपासून सुटून मध्ये सरकला होता. वहिनी त्याच्या काठावर बसून रजईवर दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून दाबत होती, आणि तिच्या हातांखाली रजई अजून हलत होती. बंद केलेला पंखा थांबता थांबता फिरत राहतो तशी. उजवीकडे, मग डावीकडे. खाली चहाचा कप फुटून पडला होता.

"थांबतच नाहीत हो," वहिनी म्हणाली. "धरा ना जरा."

धाकट्याने पुढे होऊन धरलं नाही. तो दादाच्या चेहऱ्याकडे बघत होता. घामाने केस कपाळाला चिकटले होते, आणि त्यांच्याखाली, बरोबर मधोमध, पलंगाच्या पितळी दांड्याएवढा जाड लाल वळ उठत होता.

दादाने डोळे उघडले. धाकट्याला बघून तो हसला. लहानपणी कार्यक्रम झाल्यावर स्टेजवरून उतरताना हसायचा तसा, कसं झालं ते विचारायच्या आधीचं.

"तो एक नेहमी राहायचा," दादा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "आज पडला ना रे?"

"पडला, दादा," धाकटा म्हणाला.

खिशात फोन थरथरला. गायिकेचंच उत्तर असणार. वहिनी त्याच्याकडे बघत होती, रजई तिच्या हातांखाली अजून हलत होती, आणि धाकट्याने फोन बाहेर काढून तिथेच, दोघांच्या समोर, तिला गाणं आवडलं का ते वाचलं.